भंगारवाल्याकडून १४० रेकॉर्ड्स उचलल्यात, बुरशी आहे, धुवायच्या कशा आणि ठेवायच्या कुठे?

डोंबिवलीचा_दिन्या

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय त्यामुळे चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या मागची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, लोकं घरं रिकामी करतायत आणि रोज खाली भंगारवाल्याची हातगाडी भरतेय. मागच्या रविवारी दूध आणायला गेलो तर त्याच्या गाडीवर तीन खोकी रेकॉर्ड्स. विचारलं तर म्हणाला पाच हजार, शेवटी साडेतीनला दिली. घरी आणून मोजल्या तर ८६ मोठ्या एलपी, २० छोट्या ईपी आणि ३४ त्या जाड जड असतात तशा, आकाराने एलपीपेक्षा लहान, त्यांना बहुतेक कव्हरच नाहीत, नुसत्या खाकी कागदात आहेत. जुनी नाट्यगीतं, भावगीतं, शास्त्रीय, हिंदी सिनेमाचं पण बरंच आहे.

आता प्रॉब्लेम. एलपींवर पांढरे ठिपके आहेत, कोळ्याच्या जाळ्यासारखे, म्हणजे बुरशीच असणार. काही कव्हर्स एकमेकांना चिकटलीयत. दोन एलपी वाकड्या आहेत, प्लेअरवर ठेवल्या की होडीसारख्या हलतात. वास असा की आईने खोकी गॅलरीत काढायला लावली, पण तिथे दुपारी ऊन येतं म्हणून परत आत आणली, सध्या माझ्या बेडखाली आहेत आणि घरात शीतयुद्ध चालू आहे.

उत्साहाच्या भरात मी एक जाडवाली घेऊन कापसावर हँड सॅनिटायझर टाकून पुसली. कापूस काळाकुट्ट झाला, म्हटलं वा, काय घाण निघतेय, म्हणून अजून घासली, तरी काळं येतच राहिलं. थांबायलाच तयार नाही. मग शंका आली म्हणून थांबलो. आता ती रेकॉर्ड एका बाजूने मॅट दिसतेय, बाकीच्यांसारखी चकाकत नाही. माझं काही चुकलं का?

प्लेअर मावसभावाचा आहे, सुटकेससारखा, आत स्पीकर असलेला. त्यावर ३३, ४५, ७८ तिन्ही स्पीड आहेत. धुवायला काय वापरायचं, आणि डोंबिवलीच्या पावसाळ्यात ठेवायच्या कशा तेवढं सांगा. बजेट फार नाही.

---

खाकी_पाकीट

दिनेशराव, आधी तो सॅनिटायझर लांब ठेवा, अगदी दुसऱ्या खोलीत. वाईट बातमी अशी की कापसावर जे काळं येत होतं ती घाण नव्हती, ती रेकॉर्डच होती.

तुमच्या ३४ जड तबकड्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) आहेत आणि त्या लाखेच्या असतात. लाख म्हणजे तीच, पळसावर बोरीवर कुसुमावर किडे करतात ती, बांगड्यांची लाख, पार्सलवर सील मारायची लाख. त्यात दगडाची बारीक पूड, काजळी वगैरे घालून गरम साच्यात दाबलेली. घरी कधी सुताराला फर्निचर पॉलिश करताना बघितलंय का, चपडा लाख आणतो आणि स्पिरिटमध्ये टाकून ठेवतो, सकाळपर्यंत विरघळून मधासारखं होतं? सॅनिटायझरमध्ये ६०-७० टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे तुम्ही गाण्याचं पॉलिश करून टाकलंत. ती मॅट झालेली बाजू आता परत येणार नाही, पण टाकू नका, दुसरी बाजू शाबूत असेल.

तेव्हा पहिलं काम धुण्याचं नाही, वेगळ्या करण्याचं. लाखेच्या एका बाजूला, एलपी आणि ईपी दुसऱ्या बाजूला. ओळखायला सोपं आहे, लाखेची जड असते, अजिबात लवत नाही, नखाने टिचकी मारली तर बशीसारखा आवाज येतो आणि हातातून पडली तर बशीसारखीच फुटते. एलपी-ईपी विनाइलच्या म्हणजे एक प्रकारच्या पीव्हीसीच्या, थोड्या लवतात. लेबलवर ७८ लिहिलेलं असेलच असं नाही, जुन्यांवर बऱ्याचदा नसतं. आणि नुसती सालं बघून ठरवू नका, बाहेर १९४८ मध्ये एलपी आली तरी आपल्याकडे लाखेच्या पुढे वीसेक वर्षं निघत होत्या, कलकत्त्याला डमडमच्या कारखान्यात. त्यामुळे साठच्या दशकातलं सिनेमाचं गाणं सुद्धा लाखेवर सापडतं.

आता लाखेची साफ कशी करायची. आधी कोरडी. मऊ ब्रश घ्या, रंगकामाचा नवा कोरा दोन इंची चालतो, खाचांच्या दिशेने गोल गोल फिरवा, आडवा कधीच नाही. बुरशी असेल तर हे घरात करू नका, जिन्यात किंवा गच्चीवर करा आणि तोंडाला मास्क लावा, कोविडवाले घरात पडलेले असतीलच. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे दोनतीन थेंब, त्यात मऊ कापड बुडवून घट्ट पिळून हलक्या हाताने पुसा, लगेच नुसत्या पाण्याच्या ओल्या कापडाने परत, लगेच कोरड्याने. भिजत घालायची नाही. लाखेला पाणी दोन मिनिटं चालतं पण आतली भर पाणी पिते, आणि कडेला तडा असेल तर तिथून आत जातं. एका वेळी एकच.

बुरशीबद्दल मन थोडं घट्ट करा. विनाइलवरची बुरशी विनाइल खात नाही, ती बोटांच्या तेलावर, धुळीवर, कागदाच्या कस्पटांवर जगते, धुतली की बऱ्याचदा रेकॉर्ड खाली जशीच्या तशी निघते. पण लाख हा बुरशीचा खाऊ आहे. तिथे ठिपका गेला तरी खड्डा राहतो आणि तो खरखर म्हणून ऐकू येतो. कितीही धुतलं तरी तो जात नाही, तेव्हा घासत बसू नका.

एलपीचं उद्या लिहितो, आत्ता जेवायला हाक आलीय.

---

सुसाट_पश्या

भावा पांढरा गोंद!! सुतारकामाचा. रेकॉर्डवर ओतायचा, पसरायचा, सुकला की साल काढल्यासारखा अख्खा निघतो आणि सगळी घाण घेऊन येतो. व्हिडिओ बघ कसले समाधानी वाटतात

---

डोंबिवलीचा_दिन्या

@खाकी_पाकीट बापरे. हे वाचून हात थंड पडले. चपडा लाखेचं उदाहरण डोक्यात फिट बसलं, आमच्या दाराला पॉलिश करताना अगदी तसंच बघितलंय. बरं झालं एकावरच थांबलो. दुसरी बाजू ठीक आहे.

@सुसाट_पश्या तूच व्हिडिओवाला का 😄 स्वतः केलंयस का?

---

सुसाट_पश्या

केलंय ना. पाच वेळा. तीन वेळा झकास. चौथ्यांदा पाऊस चालू होता, दोन दिवस सुकेना, मला धीर नाही, काढायला गेलो तर मधे तुकडे तुटून खाचांमध्ये बसले. मग ते काढायला परत गोंद, परत दोन दिवस. पाचव्यांदा बायको म्हणाली डायनिंग टेबल रिकामं कर

---

खाकी_पाकीट

पश्या प्रामाणिक आहे 😄 गोंदाची युक्ती खोटी नाही, विनाइलवर चालते, पण थर जाड आणि एकसारखा लागतो, लेबलपासून लांब राहावं लागतं आणि पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. लाखेवर अजिबात नको, तिथे गोंद सालासारखा निघेल याची खात्री नाही आणि निघताना लाखेचं पापुद्रं घेऊन आला तर संपलं. ८६ एलपींना रोज एक बाजू धरली तरी सहा महिने. ज्या एका एलपीवर फारच जीव आहे आणि बाकी सगळं करून झालं तिच्यावर करा, तेही दिवाळीनंतर कोरड्या हवेत.

आता एलपी. मी गेली बरीच वर्षं हे असं करतो, महाग मशीन माझ्याकडे नाही.

पाणी आधी. नळाचं नको, बोअरचं तर मुळीच नको, सुकल्यावर क्षार खाचेतच बसतात आणि मग धुतलेली रेकॉर्ड न धुतलेलीपेक्षा जास्त कडकडते. आरओचं पण टीडीएस ३०-५० असतंच, पहिल्या धुण्याला चालेल, शेवटच्याला नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं ना पाच लिटरच्या कॅनमध्ये, ते घ्या, स्वस्त पडतं. मात्र दुकानदाराला नीट सांगा पाणी हवंय, कारण त्याच फळीवर बॅटरीचं अ‍ॅसिड पण ठेवलेलं असतं.

लेबल वाचवणं हा अर्धा खेळ आहे. एकदा ओलं झालं की फुगतं, शाई पसरते. लेबल साधारण दहा सेंटीमीटरचं असतं, त्यापेक्षा किंचित मोठी प्लास्टिकच्या डब्याची दोन झाकणं घ्या, आतल्या कडेला रबराची रिंग असलेली. मधोमध भोक पाडून सहा एमएमचा बोल्ट आणि फुलपाखरू नट. रेकॉर्डचं भोक सात एमएमपेक्षा जरा मोठं असतं, त्यात आरामात जातो. दोन्ही बाजूंनी झाकणं, मधे रेकॉर्ड, हाताने आवळायचं, पान्याने नाही. आता बोल्टला धरून सिंकमध्ये बिनधास्त फिरवा.

एक लिटर पाण्याला लिक्विडचे चारपाच थेंब पुरेत, फेस दिसला म्हणजे जास्त झालं. मायक्रोफायबरने किंवा लहान मुलांच्या अगदी मऊ टूथब्रशने खाचांच्या दिशेने, प्रत्येक बाजूला दोनतीन मिनिटं, जोर हाताचा नाही पाण्याचा. मग आरओच्या पाण्याने, मग डिस्टिल्डने भरपूर खळखळून. साबण राहिला तर तो सुईला चिकटतो. शेवटी स्टीलच्या भांड्यांच्या स्टँडमध्ये ताटासारख्या उभ्या ठेवा. पंखा बंद ठेवून. हे लोक विसरतात, ओली रेकॉर्ड आणि वर फिरणारा पंखा म्हणजे घरभरची धूळ तिच्यावर आणून बसवायची सोय.

आणि धुतलेली रेकॉर्ड परत त्याच जुन्या आतल्या पिशवीत घालायची नाही. म्हणजे आंघोळ करून तेच कपडे.

---

टापकीर_गल्ली

बाकी सगळं मान्य पण अल्कोहोलला एवढं बदनाम करू नका. विनाइलवर मी आयसोप्रोपिल वापरतो, एक भाग अल्कोहोल चार भाग डिस्टिल्ड पाणी, वर लिक्विडचा एक थेंब. बोटांचे तेलकट ठसे नुसत्या साबणाने जात नाहीत आणि बुरशीवर पण याचा जास्त उपयोग होतो, शिवाय लवकर सुकतं. माझ्या एकाही एलपीला काही झालेलं नाही.

फक्त शुद्ध आयसोप्रोपिल घ्यायचं, मोबाईल रिपेअरवाले बोर्ड साफ करायला वापरतात ते, पुण्यात आमच्या गल्लीत मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. मेडिकलमधलं स्पिरिट नको आणि सॅनिटायझर तर विनाइलवर पण नको, त्यात ग्लिसरीन कोरफड सुगंध काय काय असतं, ते सगळं खाचेत राहतं.

---

खाकी_पाकीट

एकास चार या प्रमाणाला माझी हरकत नाही, नीट धुऊन काढलंत तर. माझी भीती वेगळी आहे. दिनेशरावांकडे दोन्ही जाती एकाच बेडखाली आहेत, आणि घरात अल्कोहोलची बाटली असली की कधी ना कधी ती चुकीच्या रेकॉर्डवर जातेच. माझ्याकडून गेली आहे. त्यावर जास्त बोलणार नाही.

---

टापकीर_गल्ली

हाहा, मग तुमची भीती बरोबर आहे. बाटलीवर लाल मार्करने "७८ ला नाही" लिहा दिनेश, मी तेच केलंय.

---

वऱ्हाडी_स्टायलस

नागपूरहून. धुण्याचं छान सांगितलंय सगळ्यांनी, मी ठेवण्याचं सांगते, कारण आमच्याकडे मे महिन्यात ४५-४६ अंश आणि ठेवण्यात मी सगळ्या चुका करून बसलेय.

बाबांच्या रेकॉर्ड्स माळ्यावर होत्या, वर पत्रा. विनाइल साठ अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं म्हणतात, आणि त्याच्या आधीच, वजन असेल तर हळूहळू आकार सोडतं. त्या आडव्या रचून ठेवलेल्या. खालच्या वीसेक अशा झाल्या होत्या की पापड बरे. मग खाली आणल्या, थंड खोली म्हणून कूलरच्या खोलीत ठेवल्या. आता हसा. कूलर म्हणजे अख्खा उन्हाळा ओली हवा, नागपुरात मे महिन्यात बुरशी धरून दाखवली मी. शेवटी आतल्या बोळातल्या कपाटात गेल्या, जिथे ना ऊन ना कूलर ना बाहेरची भिंत, आणि तिथे सात वर्षं काही झालेलं नाही.

म्हणून दिनेश दादा, जागा निवडताना फर्निचर नंतर, भिंत आधी बघा. पावसाळ्यात जी भिंत बाहेरून भिजते, जिला हात लावला की गार लागते, तिला टेकवून काही ठेवायचं नाही. बाथरूमच्या मागची भिंत पण तशीच. बेडखाली पण नको हो, फरशीचा ओलावा आणि झाडू दोन्ही तिथेच.

ठेवायच्या उभ्या, पुस्तकासारख्या, पण तिरप्या नाही. एकीने दुसरीवर रेलली की सहा महिन्यात बशी होते. फार दाबून पण नाही, एक बोट सहज जाऊन कव्हर ओढता आलं पाहिजे. कप्पे लहान हवेत म्हणजे रेलायला जागाच नाही. आतून ३३ सेंटीमीटर लागतं, ३१ च्या पुस्तकाच्या शेल्फात कव्हराची कड दुमडते. आणि वजन! शंभर एलपी कव्हरांसकट वीस-पंचवीस किलो, साध्या पार्टिकल बोर्डाची लांब फळी मधे झोळी होते. सुताराकडून करून घेत असाल तर प्लाय घ्या आणि दर फुटावर उभी पट्टी मारायला सांगा. लाखेच्या त्याहून जड, त्यांना सर्वात खालचा कप्पा, पण जमिनीपासून चार बोटं वर, पोछा मारताना पाणी जातं आणि वाळवी खालूनच येते.

ओलावा ४०-५० टक्के चांगला. तुमच्याकडे पावसाळ्यात ते स्वप्नच, ते मला कळतंय. शंभर-दोनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं ते आत ठेवा, आकडा बघून निदान कळतं तरी. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा पण त्या भरल्या की कढईत किंवा उन्हात सुकवून परत ठेवाव्या लागतात, नाहीतर नुसती मनाची समजूत. जुलै-ऑगस्टात आठवड्यातून एकदा दार उघडून तासभर वारं लागू द्या, बाहेर धो धो चालू नसताना. डांबर गोळ्या टाकू नका, काही प्लास्टिकवर त्या वाफेचा परिणाम होतो आणि कागदातला वास दहा वर्षं जात नाही.

एक गंमत म्हणजे तुमच्याकडे बुरशी तर आमच्याकडे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की रेकॉर्ड पिशवीतून काढताना चटचट आवाज येतो आणि खोलीतली सगळी धूळ उडी मारून बसते. त्याला कार्बन फायबरचा ब्रश, वाजवण्याआधी दोन फेरे. तुम्हाला स्टॅटिकची काळजी नाही, हे एक तरी सुख.

---

डोंबिवलीचा_दिन्या

ताई, बेडखालून काढल्या. कपाटाची एक बाजू रिकामी केली, त्यातले माझे शर्ट आता बेडखाली आहेत.

दोन शंका. पिशव्या कुठल्या घ्यायच्या, आणि जुन्या आतल्या प्लास्टिकच्या पिशव्या एलपीला चिकटल्यासारख्या झाल्यात, काढल्यावर रेकॉर्डवर सुरकुत्यांची नक्षी दिसतेय, धुऊन पण गेली नाही.

---

टापकीर_गल्ली

नक्षी राहते कधी कधी. प्लास्टिक-प्लास्टिकची वर्षानुवर्षं गळाभेट झाली की असं होतं. मऊ पीव्हीसीची पिशवी असेल तर तिच्यातलं मऊ करणारं रसायन बाहेर येतं आणि रेकॉर्डवर धुरकट थर बसतो, तो धुऊन जातोच असं नाही. चांगली गोष्ट अशी की दिसतं तितकं ऐकू येतंच असं नाही, वाजवून बघ, हलकी सळसळ असेल फारतर.

आत घालायला पॉलिथिनच्या पातळ पिशव्या घे, हाय डेन्सिटीवाल्या, हातात घेतल्या की तांदळाच्या कागदासारख्या खुळखुळतात त्या. बाहेरून कव्हरला पॉलिप्रॉपिलिन चालतं. पीव्हीसीची जाड चकचकीत मऊ पिशवी, जिला नव्या रेनकोटचा वास येतो, ती नको. आणि बाहेरची पिशवी वरून बंद करायची नाही, तुमच्या हवेत आत दमट वारं कोंडून राहिलं की आतच बाग फुलते.

लाखेच्यांना प्लास्टिक नकोच. कागदी पाकीट, आम्लविरहित मिळालं तर उत्तम, नाहीतर खाकी बदलून साधं स्वच्छ कोरं पाकीट. पण जुन्या खाकी पाकिटांवर कंपनीचं नाव, दुकानाचा शिक्का असेल तर टाकू नका, वेगळी ठेवा, कधी कधी त्या पाकिटालाच जास्त मान असतो.

---

कर्णा_आणि_चावी

सगळे धुवायचं बोलतायत, कोणी प्लेअरचं बोललंच नाही. दिनेश, तुझ्या त्या सुटकेसवर धुतलेली रेकॉर्ड लावणार असशील तर सुई बघ आधी.

७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा दुपटी-तिपटीने रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्यात घातली की ती तळाशी जाऊन घसरत राहते, जिथे सगळी सत्तर ऐंशी वर्षांची धूळ बसलीय तिथे. आवाज येतो पण त्यात निम्मी खरखर तळाची. प्लेअरवर ७८ लिहिलंय म्हणजे फक्त स्पीड आहे, सुई आहे असं नाही. काही सुटकेसवाल्यांना ७८ ची वेगळी सुई बदलून लावता येते, रंगाने वेगळी असते, शोध. मला तर वाटतं तुझ्या निम्म्या रेकॉर्डना धुण्याची गरजच नसेल, सुई बदललीस की वेगळंच ऐकू येईल.

दुसरं, या सुटकेस प्लेअरचा दाब पाच-सहा ग्रॅम असतो. बऱ्यापैकी प्लेअरवर दीड-दोन. लगेच काही होणार नाही, लोक उगाच घाबरवतात, पण झिजलेली सुई आणि तेवढा दाब एकत्र आले की खाच खरवडली जाते. सुई कधी बदलली होती हे मावसभावाला विचार, त्याचा चेहरा बघून उत्तर कळेल.

आणि कोणी उत्साही मित्र चावीचा ग्रामोफोन घेऊन आला तर त्यावर एलपी लावू देऊ नकोस. तिथे स्टीलची पिन आणि शंभर ग्रॅमच्या वर वजन, एका फेऱ्यात नांगरट. तो फक्त लाखेच्यांसाठी, आणि तिथेही पिन दर बाजूला नवी, कारण पिन झिजावी म्हणूनच लाखेत दगडाची पूड असते.

---

डोंबिवलीचा_दिन्या

अपडेट! उशीर झाला, मधे ऑफिस.

२२ एलपी धुतल्या. झाकणं-बोल्टवाली आयडिया जबरदस्त, आईच्या लोणच्याच्या बरणीची झाकणं घेतली (परवानगी नंतर मिळाली). बुरशी बहुतेक सगळीच गेली, खाली काळी चकचकीत. सिंकमध्ये जे पाणी निघालं ते चहासारखं होतं, बहुतेक तंबाखू किंवा उदबत्तीचा धूर, कोणीतरी रोज सकाळी लावत असणार.

काहींमध्ये मात्र धुऊन पण फरक नाही. एका एलपीत टक्-टक् येतच राहतं, अगदी ठरलेल्या वेळाने. आणि एका गायिकेच्या रेकॉर्डमध्ये वरचे सूर आले की फाटल्यासारखं होतं, "स" म्हणताना थुंकी उडाल्यासारखं.

मावसभावाला सुईचं विचारलं. "सुई बदलायची असते?" म्हणाला.

---

कर्णा_आणि_चावी

😂 म्हटलं होतं.

टक्-टक् मोज. ३३⅓ वर एक फेरा १.८ सेकंदांचा. तेवढ्याच अंतराने येत असेल तर आडवा चरा आहे, प्रत्येक फेऱ्याला सुई त्यावरून जातेय. उजेडात तिरपी धरून बघ, नख फिरव, नखाला लागला तर खोल आहे, तो धुण्याने जाणार नाही. नखाला लागला नाही तर बऱ्याचदा चिकटलेला कण असतो, तिथेच ओलं कापड मिनिटभर ठेवून परत पुस. अनियमित कडकड असेल तर ती घाण, ती अजून एका धुण्याने कमी होते.

फाटणारा आवाज ही घाण नाही रे. आधीच्या मालकाने, किंवा तुझ्या मावसभावाने, झिजक्या सुईने वाजवून खाचेची भिंत खाल्लीय. तिथे काळ्याऐवजी करडं दिसेल. नवी सुई लावून एकदा ऐक, थोडं सुधारेल, बाकी तसंच. ती लाडकी असेल तर दुसरी प्रत शोध, चोरबाजारात मटण स्ट्रीटला किंवा पुण्याच्या रविवारच्या जुन्या बाजारात, आणि घेताना उजेडात बघूनच घे.

---

वऱ्हाडी_स्टायलस

त्या दोन वाकड्यांचं काय झालं? उन्हात ठेवून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, ओव्हन हेअर ड्रायर पण नाही. दोन जाड काचांमध्ये स्वच्छ रेकॉर्ड, वर जाड पुस्तकं सारखी पसरून, सावलीत महिना-दोन महिने. माझ्या पापडांपैकी निम्म्या वाजण्याइतक्या सरळ झाल्या. काच आणि रेकॉर्डमध्ये एक कण जरी राहिला तरी तो छापला जातो, म्हणून आधी धुवून.

चिकटलेली कव्हरं पण ओढू नका. आधी आठवडाभर सावलीत हवेशीर सुकू द्या, मग बारीक दोरा किंवा दातांचा फ्लॉस करवतीसारखा हळू हळू मधून. चकचकीत थर कधी कधी तरी निघतोच. वासाला, बंद खोक्यात कव्हरं आणि वाटीत खायचा सोडा, कव्हराला न लागता, दहा-पंधरा दिवस. रेकॉर्ड्स त्यात नाही, नुसती कव्हरं.

---

न्यूजर्सीचा_नंदू

वाचूनच मजा आली. इथे बेसमेंटमध्ये डीह्युमिडिफायर अख्खा उन्हाळा चालू ठेवावा लागतो, तेव्हा दमट हवा ही फक्त कोकणपट्टीची मक्तेदारी नाही. लाखेच्या कधी कोणाला पाठवायच्या असतील तर आडव्या नाही, उभ्या, प्रत्येकीच्या मधे पुठ्ठा, आणि खोक्यात खोका. आजोबांच्या बारा तबकड्या चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधे आडव्या आणल्या होत्या, सात पोचल्या.

---

डोंबिवलीचा_दिन्या

नंदूदादा 😢

वाकड्या काचेखाली गेल्या, वर आईचे दिवाळी अंक ठेवलेत. नवी सुई मागवली, ७८ ची पण मिळाली. ती अर्धी पॉलिश झालेली तबकडी दुसऱ्या बाजूने लावली, तीन मिनिटांचं नाट्यपद आहे, मागे पेटी (ऑर्गन असेल) आणि तबला, खरखर आहे पण आवाज एकदम समोर बसून गातोय असा. आई स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली आणि म्हणाली दुसरी बाजू लाव. आता काय सांगणार तिला.

शेवटचा प्रश्न, एका भावगीतांच्या एलपीच्या तीन प्रती निघाल्यात. तिन्ही दिसायला सारख्याच. एक ठेवून दोन मित्रांना द्यायच्यात. कुठली ठेवू?

---

खाकी_पाकीट

तिन्ही धुवा आणि तिन्हींचं पहिलं गाणं वाजवू नका, शेवटचं वाजवा, लेबलजवळचं. बाहेरच्या फेऱ्यात खाच लांब पसरलेली असते, आत तेवढ्याच वेळात तिला कमी जागा मिळते, त्यामुळे झिजक्या सुईचं नुकसान तिथे सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त ऐकू येतं. पहिलं गाणं तिन्हींचं चांगलंच वाजेल. जिचं शेवटचं गाणं स्वच्छ, ती तुमची. कव्हर मात्र तिघांतलं सगळ्यात चांगलं काढून तिला घाला, मित्रांना काय कळतंय.